रूळ गेले तरी वाट राहू द्या



वर्गात मी कधीकधी एक प्रश्न विचारतो : रेल्वेमार्गातील सर्वांत मोलाची वस्तू कोणती? कुणी म्हणते इंजिन, कुणी म्हणते रूळ, कुणी पूल. उत्तरे चुकीची नाहीत. पण इंजिन मोडीत निघते, रूळ झिजले की बदलले जातात, पुलाच्या तुळयाही नव्या बसवता येतात. या सर्वांच्या खाली जी वस्तू असते, तिच्याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. ती म्हणजे मैलोन् मैल चालत गेलेली, हळुवार चढ-उताराची, सलग अशी मातीची वाट. टेकडी फोडून, खोलगट भागात भराव घालून, प्रत्येक ओहोळावर मोरी बांधून आपल्या पणजोबांच्या पिढीतील मजुरांनी ती घमेल्या-फावड्याने उभी केली.

गाडी बंद पडली की या वाटेचे काय करायचे, हा आजचा आपला विषय आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. शेतशिवारातून जाणारी अशी वाट पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी खुली करावी. वाघाच्या जंगलातून जाणारी वाट जंगलाला परत द्यावी. आणि दोन्ही ठिकाणी ती जमीन तुकडे करून कुणालाही देऊ नये. असे का, ते आता क्रमाने पाहू.

छोट्या गाडीचा मुलूख

आमचे सिंदेवाही गोंदिया–नागभीड–चांदा फोर्ट या मार्गावर आहे. माझ्या शाळकरी वयात या मार्गावर नॅरोगेजची छोटी गाडी धावत असे. तिच्या दोन रुळांमधील अंतर 762 मिलिमीटर, म्हणजे आजच्या ब्रॉडगेजच्या 1676 मिलिमीटरच्या निम्म्याहूनही कमी. धानाच्या बांध्या, बोड्या आणि मधूनच येणारे सागाचे रान पाहत ती सावकाश जाई. 1990 च्या दशकात हा मार्ग रुंद झाला. आज त्यावरून मोठ्या गाड्या जातात.

नागपूर–नागभीड हा शेजारचा फाटा मात्र आणखी बरीच वर्षे नॅरोगेजच राहिला. बंगाल नागपूर रेल्वेने 1908 साली सुरू केलेली ही वाट शंभर किलोमीटरहून थोडी लांब. नोव्हेंबर 2019 मध्ये तीवरील छोटी गाडी थांबली, ती ब्रॉडगेजच्या कामासाठी. नागपूरला मोतीबागेतील नॅरोगेज संग्रहालयात गेलात, तर अशा गाड्यांची इंजिने जवळून पाहायला मिळतील.

पश्चिम विदर्भातील गोष्ट वेगळी आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही सुमारे 190 किलोमीटरची नॅरोगेज वाट विसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडातील कापूस मुंबईच्या बंदराकडे नेण्यासाठी बांधली गेली. देशातील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाल्यावरही या वाटेची मालकी खाजगी कंपनीकडेच राहिली, हे तिचे वेगळेपण. लोक तिला प्रेमाने ‘शकुंतला’ म्हणतात. 1921 साली मँचेस्टरला बनलेले तिचे वाफेचे इंजिन 1994 पर्यंत सेवेत होते. त्यानंतर डिझेल इंजिन आले. गेल्या दशकात गाड्या एकामागून एक थांबल्या. आज दारव्हा, कारंजा, दर्यापूर, अंजनगाव या गावांजवळून जाणारी ती वाट निपचित पडून आहे. पुलगाव–आर्वी ही तिची धाकटी बहीण. तिच्यावरची छोटी गाडीही थांबली.

चढ आणि श्रम

अशी वाट चालायला आणि सायकलला इतकी सोयीची का, याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. थोडे गणित करू.

पोलादी चाक पोलादी रुळावरून घरंगळताना विरोध फारच कमी होतो. सपाटीवर दर टनामागे साधारण 2 किलोग्रॅम-भार एवढ्या ओढीने काम भागते. म्हणजे 200 टनांची गाडी सपाटीवर संथपणे चालती ठेवायला सुमारे 400 किलोग्रॅम-भार ओढ पुरते. आता तीच गाडी 100 मीटरला 1 मीटर अशा चढावर घाला. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वजनाचा शंभरावा भाग, म्हणजे 2000 किलोग्रॅम-भार जास्त ओढ लागेल. 400 चे 2400 झाले! जो चढ तुमच्या डोळ्यांना जेमतेम जाणवतो, तो इंजिनाचे काम सहापट करतो. शिवाय चाक आणि रूळ यांच्यातील घर्षण कमी असल्याने फार चढ असेल तर इंजिनाची चाके जागीच गरगरतात. म्हणूनच रेल्वेचा अभियंता चढाला भितो. टेकडी आली की तो वळसा घेतो, खोदतो किंवा बोगदा पाडतो; खोलगट भाग आला की भराव घालतो.

आता सायकलचा हिशोब करा. आठवीतील मुलगी, तिचे दप्तर आणि सायकल मिळून 65 किलोग्रॅम धरू. वजन झाले सुमारे 640 न्यूटन. नीट दाबलेल्या मुरुमाच्या वाटेवर चाकांना होणारा विरोध वजनाच्या शंभराव्या भागाएवढा, म्हणजे 6.4 न्यूटन धरू. सेकंदाला 3 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 11 किलोमीटर वेगाने जाताना हवेचा विरोध आणखी अडीच-तीन न्यूटन. एकूण झाले 9 न्यूटन. बलाला वेगाने गुणले की शक्ती मिळते : 9 × 3 = 27 वॅट.

100 ला 1 असा रेल्वेचा चढ आला तर आणखी 6.4 न्यूटन लागतील. शक्ती होईल सुमारे 46 वॅट. पण साध्या गाडीरस्त्यावरच्या 15 ला 1 अशा चढणीवर 43 न्यूटन जास्त लागतील आणि शक्ती जाईल 155 वॅटच्या घरात. धडधाकट प्रौढ माणूस तासभर टिकवू शकतो ती शक्ती सुमारे 75 वॅट. तेव्हा त्या चढणीवर आपली मुलगी सायकलवरून उतरून ती ढकलत नेणार, हे उघड आहे. रेल्वेच्या वाटेवर तिला उतरावे लागणार नाही. इंजिनाला जो चढ सहापट भारी पडला, तो तिला दुपटीहूनही कमी पडला.

इंजिनाची सोय पाहून बांधलेली वाट अशी शाळकरी मुलांच्या, म्हाताऱ्या माणसांच्या आणि चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्यांच्या उपयोगी पडते.

वऱ्हाडात तिचा आणखी एक गुण आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि पावसाळ्यात पांदण रस्त्यांचा चिखल होतो. बैलगाडीचे चाक आसापर्यंत रुतते, तिथे सायकलची काय कथा! रेल्वेचा भराव मात्र शेतापेक्षा उंच असतो, त्यावर खडी असते आणि पाणी जायला मोऱ्या असतात. पावसाचे चार महिने कोरडी राहणारी, अवजड मालमोटारी नसलेली वाट ही खेड्यातील मुलांसाठी किती मोठी गोष्ट आहे, हे शहरातल्या वाचकाला कदाचित कळणार नाही. मानव विकास कार्यक्रमातून आपल्याकडे कितीतरी मुलींना सायकली मिळाल्या. सायकल मिळाली, ती निर्धास्तपणे चालवायची वाटही मिळायला हवी.

इतरांनी काय केले?

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात एलरॉय ते स्पार्टा हा सुमारे 51 किलोमीटरचा मार्ग बंद पडला. राज्याने 1965 साली ती जमीन घेतली आणि तिची सायकलवाट केली. या वाटेवर तीन बोगदे आहेत. त्यांपैकी सर्वांत लांब बोगदा एक किलोमीटरहून मोठा आहे. जवळच्या लहान गावांना, आगगाडी गेल्यावर, सायकलस्वारांमुळे पुन्हा वर्दळ लाभली.

इंग्लंडमध्ये 1963 च्या बीचिंग अहवालानंतर हजारो मैलांचे मार्ग बंद झाले. पुष्कळ ठिकाणी जमीन विकली गेली, त्यावर घरे झाली, पूल पाडले गेले. पुढे काही मार्ग पुन्हा हवेसे वाटले तेव्हा मधले तुकडे हातचे गेलेले होते. ब्रिस्टल आणि बाथ या शहरांमधील मार्गाचे नशीब मात्र चांगले. तेथे स्वयंसेवकांनी अंगमेहनत करून 1979 ते 1986 या काळात सुमारे 21 किलोमीटरची वाट तयार केली. हौशी मंडळींनी त्याच्या एका भागात वाटेशेजारी वाफेची गाडीही चालवली.

स्पेनने 1993 पासून अशा वाटांचा देशव्यापी कार्यक्रम हाती घेतला आणि त्यांना ‘हिरव्या वाटा’ असे नाव दिले. न्यूझीलंडमधील ओटागो प्रांतात तर 150 किलोमीटरची सलग वाट आहे.

यांतली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट अमेरिकेतल्या 1983 च्या कायद्यात आहे. बंद पडलेला मार्ग वाट म्हणून वापरावा, पण उद्या रेल्वेला गरज पडली तर तो परत द्यावा, अशी ती तरतूद. बँकेत ठेव ठेवावी तसा मार्ग ठेवायचा. वाट हे जणू त्या ठेवीवरचे व्याज.

एकसर जोडणीचा धडा

ही तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. विजेची एकसर जोडणी तुम्ही शिकला आहात. दहा दिव्यांपैकी एकाची तार तुटली, की दहाही दिवे विझतात. रेल्वेची वाट ही अशीच एकसर जोडणी आहे. 190 किलोमीटरपैकी 189 शाबूत राहिले आणि मधल्या एका किलोमीटरवर दुकानांचे गाळे उभे राहिले, तर ना गाडी जाईल ना सायकल.

पट्टा 20 मीटर रुंद धरला तर 1 किलोमीटरमध्ये 2 हेक्टर, म्हणजे जवळजवळ 5 एकर जमीन बसते. तुकड्याने पाहिले तर ती काही फार नाही. बाजूच्या शेतकऱ्याने दोन तास पुढे सरकवले, कुणी उकिरडा केला, कुणी भरावाचा मुरूम घर बांधायला नेला. यात प्रत्येकाचा फायदा किरकोळच. पण वाट तुटते ती कायमची. ती पुन्हा जोडायची तर गावोगाव भूसंपादन, कोर्टकचेऱ्या आणि कोट्यवधी रुपये! नागपूर–नागभीडचेच पाहा. 1908 ची वाट जागेवर होती, म्हणून तेथे ब्रॉडगेजचा विचार तरी करता आला.

जी वाट रोज पायाखाली असते ती कुणी सहसा बळकावत नाही, हा खेड्यातला अनुभव आहे. शे-दोनशे मुले दररोज जिथून जातात, तिथे कुंपण घालायला कुणी धजावत नाही. म्हणून बंद मार्गाची राखण करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे त्यावरून लोकांना चालू देणे.

आक्षेप

या मताविरुद्ध बोलणारे तुम्हाला भेटतील. त्यांचे ऐकून घ्या, कारण त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

पहिला आक्षेप यवतमाळ-अचलपूरकडची माणसे घेतील. ‘आम्हाला सायकलवाट नको, आमची गाडी द्या. वाट केली की सरकार म्हणेल, झाले तुमचे काम!’ हा संशय मला रास्त वाटतो. गरिबाला स्वस्तात दूर जायचे तर रेल्वेसारखे साधन नाही. रुग्णाला नागपूरला न्यायचे असेल तर सायकलवाट काय कामाची? म्हणून माझे म्हणणे असे की, वाट करण्याच्या ठरावातच ‘रेल्वेचा हक्क अबाधित’ हे शब्द असले पाहिजेत. वाट ही गाडीच्या मागणीची जागा घेणारी नसावी. गाडी येईपर्यंत जागा धरून ठेवणारी असावी. ज्या गावाला हे मान्य नाही, त्या गावावर ती लादूही नये.

दुसरा आक्षेप खर्चाचा. खर्च येईलच. रुळाखालची मोठी खडी सायकलला चालत नाही. तीवर मुरुमाचा थर देऊन रोलर फिरवावा लागेल. पुलांना कठडे लागतील. पण नव्या रस्त्याचा सर्वांत महागडा भाग, म्हणजे जमीन, भराव आणि मोऱ्या, इथे आधीच तयार आहे.

तिसरा आक्षेप मोटारसायकलींचा. वाट चांगली झाली की त्या येणारच! तोंडाशी दगडी खांब रोवून सायकलपुरती फट ठेवावी. शेतात जाणाऱ्या बैलगाड्यांना आणि गुरांना ओलांडायची जागा मात्र जागोजाग सोडलीच पाहिजे. त्यांचा रस्ता अडवून केलेली वाट गाव टिकू देणार नाही, आणि ते योग्यच होईल.

जिथे वाट नको

चौथा आक्षेप माझा स्वतःचाच आहे, आणि तो आमच्या मुलखातून आला आहे.

सिंदेवाही, ब्रह्मपुरी, नागभीड, मूल हा वाघांचा प्रदेश. ताडोबाच्या जंगलातून बाहेर पडणारे वाघ इकडच्या रानांतून ये-जा करतात. मोहफुले वेचायला, तेंदूपाने तोडायला गेलेली माणसे त्यांना बळी पडतात. इथल्या घरांतून हे दुःख तुम्हाला ऐकायला मिळेल. वाघालाही सुख नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये याच गोंदिया–चंद्रपूर मार्गावर चिचपल्लीच्या जंगलात वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडून मेले.

समजा, अशा जंगलातला एखादा रेल्वेमार्ग उद्या बंद झाला. तिथे सायकलवाट करावी का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. गाडी मिनिटाभरात निघून जाते. उरलेला वेळ जंगल मोकळे असते. वाटेवर मात्र दिवसभर माणसे असतील. शाळेची वेळ सकाळची आणि परतायची वेळ संध्याकाळची. वाघाच्या हिंडण्याची वेळही पहाट आणि तिन्हीसांज हीच. सायकलवरील मूल आवाज न करता वळणावर येते. वाघाशी अशी अचानक गाठ पडणे दोघांच्याही जिवावर बेतू शकते.

याचे प्रत्यक्ष उदाहरण मेळघाटात आहे. अकोला–खंडवा हा मीटरगेज मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जात असे. धूळघाटाजवळ उंची गाठण्यासाठी तो स्वतःभोवती वळसा घेऊन स्वतःच्याच रुळांवरून पलीकडे जाई. अभियांत्रिकीचा तो सुंदर नमुना होता. 2017 च्या सुरुवातीला रुंदीकरणासाठी या वाटेवरच्या गाड्या थांबल्या. मग वाद उभा राहिला : ब्रॉडगेज जंगलातूनच न्यावी की बाहेरून? वन्यजीव अभ्यासकांनी बाहेरचा मार्ग सुचवला, आणि 2021 मध्ये राज्य सरकारनेही केंद्राला तशीच विनंती केली. जंगलातल्या त्या जुन्या वाटेवर पर्यटकांच्या सायकली फिरवाव्यात असा मोह कुणालाही होईल. धूळघाटचा वळसा पाहायला मलाही आवडेल! पण गाडीची शिटी थांबल्यावर जी शांतता तिथल्या प्राण्यांना मिळाली, ती आपल्या हौसेसाठी पुन्हा मोडू नये. तिथे रूळ गेल्यावर राहणारी वाट त्यांची.

एकच वस्तू एका ठिकाणी हितकारक आणि दुसऱ्या ठिकाणी अपायकारक असू शकते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने कोणतीही चांगली कल्पना ऐकली की ‘कुठे?’ आणि ‘कुणासाठी?’ हे दोन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी.

तुम्ही काय कराल?

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. आपल्या शाळेचा रस्ता मुलांकडून मोजून घ्या. दहा मीटर लांबीची पारदर्शक नळी घ्या, तीत पाणी भरा, दोन्ही टोके दोन काठ्यांना बांधा. गवंडी वापरतात तीच ही युक्ती. दोन्ही टोकांतील पाणी एकाच पातळीत राहते. त्यामुळे दोन काठ्यांवरील जमिनीपासूनच्या उंचीतील फरक म्हणजे त्या काठ्यांमधील अंतरातील चढ. रस्त्यावर जागोजाग हे माप घेऊन आलेख काढा. कुठे सायकल ढकलावी लागते, कुठे पाणी साचते, कुठे मालमोटारींची भीती वाटते, याच्या खुणा त्यावर करा. वर दिलेल्या रीतीने प्रत्येक चढाला लागणारी शक्ती काढा. ज्यांच्या गावाजवळ बंद पडलेला रेल्वेमार्ग आहे, त्यांनी शिक्षकांसोबत आणि रेल्वेची परवानगी घेऊन तिथलेही माप घ्यावे व दोन्ही आलेख शेजारी शेजारी लावावेत. मोऱ्या किती शाबूत आहेत आणि भराव कुठे तुटला आहे, याचीही नोंद करा. असा आलेख ग्रामसभेत मांडला तर शंभर भाषणांपेक्षा जास्त काम होईल.

एक ताकीद मात्र विसरू नका. ज्या मार्गावर गाडी धावते, त्यावर पाय ठेवायचा नाही. 1989 च्या रेल्वे कायद्याने तो गुन्हा आहे, आणि गाडीला ब्रेक लावल्यावर थांबायला किती अंतर लागते हे तुम्ही संवेगाच्या धड्यात शिकलाच आहात. आम्हा सिंदेवाहीकरांचा मार्ग चालू आहे. तेव्हा आपल्या मुलांनी नळी-काठ्या घेऊन गावातल्याच रस्त्यावर जावे, आणि तेही ऊन चांगले वर आल्यावर.